संपणारी जादू

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ मी बरीच वर्षं चालवतो आहे. चालवतो म्हणजे डंजन मास्टर होऊन टेबलाच्या एका टोकाला बसतो. गुहा, गावं, राजे, राक्षस या सगळ्यांच्या वतीने मी बोलतो आणि समोरचे चार-पाच जण आपापल्या पात्राने काय करायचं ते ठरवतात. मग फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते. एवढ्या काळात माझं एक मत ठाम होतं: मशाली मोजायच्या नाहीत, शिधा मोजायचा नाही, बाण मोजायचे नाहीत, आणि जादूगारावर पुस्तकाने घातलेली बंधनं जमतील तितकी सैल करायची. नव्याने खेळ चालवायला शिकणाऱ्यांनाही मी हेच सांगत आलो. आज मी याच्या अगदी विरुद्ध बाजूला उभा आहे. तिथवर कसा आलो हे नीट सांगावंसं वाटतं, कारण ते जुनं मत उथळ नव्हतं आणि आजही अनेक चांगले डंजन मास्टर ते मनापासून मानतात.

या खेळाकडे मी कादंबऱ्यांच्या वाटेने आलो. टॉल्किनचा गँडाल्फ आज किती मंत्र शिल्लक आहेत ते मोजत बसत नाही. अर्सुला ले ग्विनच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता मिळते, तिथली जादू म्हणजे एक गंभीर विद्या आहे. असं काही वाचून हौसेने विझर्ड झालेल्या मुलीला ‘तुझे आजचे मंत्र संपले, आता उद्या सकाळी’ असं ऐकवणं मला अन्यायाचं वाटे. शिवाय माणसं आठवडाभराच्या नोकरीनंतर येतात. कोणाचं लहान मूल घरी वाट बघत असतं, कोणाला शेवटची बस गाठायची असते. हातात तीन-साडेतीन तास असतात. त्यातला अर्धा तास बाणांच्या वजाबाक्यांत गेला तर गोष्ट कधी घडायची?

आणि मंत्र विसरण्याचा तो मूळ नियम तर मला मुळीच पटत नसे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ छापला तेव्हा जादूची पद्धत त्यांनी जॅक व्हान्सच्या ‘द डायिंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकावर बेतली. त्या पुस्तकात मझिरियन नावाचा जादूगार बाहेर पडण्याआधी मोठ्या कष्टाने पाच मंत्र डोक्यात कोंबून घेतो. एक मंत्र उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो; पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडायची. खेळात हेच आलं. १९७८ सालच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधला पहिल्या पातळीचा जादूगार दिवसाला एकच मंत्र म्हणू शकतो आणि त्याचा जीव चार बाजूंच्या एका फाशाएवढा असतो. ज्याने आयुष्य ग्रंथांत घालवलं त्याने म्हटल्याक्षणी मंत्र विसरावा, ही कल्पनाच मला विद्येचा अपमान वाटायची.

पाचव्या आवृत्तीने, म्हणजे २०१४ सालच्या पुस्तकांनी, ही गाठ बरीच सैल केली. तिथे तयार केलेला मंत्र विसरला जात नाही. तो म्हणण्यासाठी फक्त त्या पातळीचा एक स्लॉट खर्च होतो. पण मला तेवढंही नको होतं. त्याच आवृत्तीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये एक पर्यायी नियम दिला आहे: स्लॉटऐवजी गुण. पाचव्या पातळीच्या विझर्डकडे एरवी पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. पर्यायी नियमात या सगळ्यांचे मिळून २७ गुण होतात. पहिल्या पातळीचा मंत्र २ गुणांना, दुसऱ्या पातळीचा ३ ना आणि तिसऱ्या पातळीचा ५ ना. हा नियम मी आनंदाने लागू केला. जादूगार आता मोकळा झाला, असं मला वाटलं.

आकड्यांकडे नीट पाहिलं तर पुढे काय होणार ते तिथेच लिहिलेलं आहे. फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा मंत्र. स्लॉटच्या हिशेबाने तो दिवसातून दोनदा म्हणता येतो, गुणांच्या हिशेबाने पाच वेळा. वीस फुटांच्या त्रिज्येत सहा बाजूंचे आठ फासे एवढी इजा. एवढं हाताशी असताना धुकं पसरवणारा, दार अडवणारा किंवा जाळं टाकणारा मंत्र कोण म्हणेल? आमची विझर्ड चकमक सुरू झाली की फायरबॉल टाकायची, दुसऱ्या फेरीत पुन्हा फायरबॉल, आणि गुण संपले की सगळे तळ ठोकून आठ तास झोपायचे. सकाळी २७ गुण परत. तिच्या वहीत कितीतरी मंत्र लिहिलेले होते, खेळात मात्र एकच होता.

तिची यात काहीच चूक नव्हती. सगळे मंत्र एकाच चलनात विकत मिळू लागले की शहाणा माणूस सर्वांत फायद्याचा सौदा पुनःपुन्हा करणारच. स्लॉटमुळे दुसऱ्या पातळीचे तीन मंत्र वेगळे उरतात. ते वितळवून त्यांचा फायरबॉल करता येत नाही, म्हणून त्यांचा काहीतरी उपयोग शोधावा लागतो. व्हान्सच्या पद्धतीत तर प्रत्येक मंत्र हीच एक स्वतंत्र वस्तू असते. सकाळी ती पिशवीत घेतली तर आहे, नाही तर नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटलं, माझे राक्षस कमी पडताहेत. मी ते मोठे केले, संख्येने वाढवले, आगीला दाद न देणारे आणले. चकमकी लांबल्या, पण निर्णय वाढले नाहीत. हा खेळ चालवणारे लोक ज्याला पंधरा मिनिटांचा दिवस म्हणून वैतागतात तो आमच्या टेबलावर मुक्कामाला आला होता: एक लढाई आणि मग झोप. त्याच गाइडमध्ये दिवसाकाठी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या आहेत. सारी बांधणी त्या अंदाजावर उभी आहे, आणि आम्ही दिवसाला एकच चकमक खेळत होतो.

मत बदललं ते एका मधल्या खेळात. दोघे जण गावी गेले होते, म्हणून नेहमीची मोहीम बाजूला ठेवून मी टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली १९८१ सालची ‘बेसिक’ नियमपुस्तिका काढली. जुन्या नियमांची गंमत दाखवावी एवढाच हेतू. ठरवलं की आज पुस्तकात जे आहे ते जसंच्या तसं पाळायचं, मशालीसकट.

त्या पुस्तकातला हिशेब थोडा उलगडून सांगतो, कारण माझं नवं मत त्यावरच उभं आहे. जमिनीखाली काळ टर्नमध्ये मोजतात; एक टर्न म्हणजे दहा मिनिटं. मशाल सहा टर्न जळते, कंदिलातलं तेल चोवीस. दर सहा टर्नांतला एक विश्रांतीला द्यावाच लागतो. दर दोन टर्नांनी डंजन मास्टर एक फासा टाकतो आणि एक पडला तर भटकं संकट समोर येतं. अंगावरचं ओझं नाण्यांत मोजतात, दहा नाणी म्हणजे एक पौंड. ओझं ४०० नाण्यांपर्यंत असेल तर टर्नाला १२० फूट चालता येतं; ते ८०० च्या वर गेलं की फक्त ३०. आणि अनुभवाचे गुण मुख्यतः मिळतात ते बाहेर आणलेल्या धनाचे, एका सोन्याच्या नाण्याला एक. राक्षस मारून फारसं हाती लागत नाही.

सुटे सुटे वाचताना हे नियम मला नेहमी कारकुनी वाटत आले होते. त्या रात्री पहिल्यांदाच ते एकमेकांत गुंतलेले दिसले. धन उचललं की पावलं मंदावतात. पावलं मंदावली की तेवढ्याच वाटेला जास्त टर्न लागतात. जास्त टर्न म्हणजे जास्त मशाली, आणि भटक्या संकटासाठी फासाही जास्त वेळा पडणार. लढाईत मिळवण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं पुष्कळ, म्हणून माणसं टाळायला, फसवायला, बोलणी करायला शिकतात. एक दोरा ओढला की सगळं कापड हलतं.

आमच्या विझर्डला, म्हणजे तिच्या त्या रात्रीपुरत्या नव्या पात्राला, यादीतल्या बारा मंत्रांपैकी एकच मिळाला होता: होल्ड पोर्टल. दार बंद धरून ठेवणारा. ती जरा हिरमुसली. पण मग संध्याकाळभर प्रत्येक दारापाशी ती थबकायची. इथे वापरू? की पुढे याहून वाईट दार येईल? फायरबॉलच्या वेळी हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मी कधीच पाहिला नव्हता.

शेवटी त्यांना चांदीने भरलेली एक पेटी सापडली. दहा चांदीची नाणी मिळून एक सोन्याचं, पण वजन दोन्हींचं सारखंच. म्हणजे चांदी हे जड आणि स्वस्त धन. सगळी घ्यावी तर पाय घसटत चालायचं, सोडावी तर आलो कशाला? मशाल शेवटची होती, आणि मागून गॉब्लिन येत असल्याचा आवाज. चौघांनी जो वाद घातला तो मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही संवादाहून जिवंत होता. एकाने तेलाच्या बाटल्या टाकून चांदी भरली. दुसरा म्हणाला, “अरे, अंधारात चांदी घेऊन करणार काय?” मग तिने मंत्र म्हटला. दार घट्ट बसलं. मंत्र किती वेळ टिकतो? दोन फाशांच्या बेरजेइतके टर्न. फासे मी आडोशाला टाकले. आकडा फक्त मला ठाऊक. तिने एवढंच विचारलं, “आता पळायचं ना?” आणि सगळे निघाले, वाटेत मूठ-मूठ चांदी टाकत, म्हणजे पाय मोकळे व्हावेत.

हे सगळं मी रचलेलं नव्हतं. माझ्या नोंदीत एक पेटी आणि काही गॉब्लिन एवढंच होतं. इतकी वर्षं ज्या हिशेबाला मी गोष्टीचा शत्रू मानत होतो त्याच हिशेबातून ती गोष्ट आली होती.

नंतर बरेच दिवस मी हा विचार करत राहिलो, आणि मला सगळ्यात स्पष्ट उत्तर मिळालं ते आपल्याच घरात. महाभारत या नजरेने पाहिलं की थक्क व्हायला होतं. परशुरामाचा शाप काय आहे? ऐन वेळी ब्रह्मास्त्राचा मंत्र कर्णाला आठवणार नाही. मंत्र विसरणारा योद्धा मला व्हान्सच्या पुस्तकात हास्यास्पद वाटला होता, आणि कर्णाच्या बाबतीत मात्र लहानपणापासून मी त्याच विसरण्याने हळहळत आलो होतो. इंद्राने दिलेली शक्ती तर एकदाच वापरता येणारी. कर्ण ती अर्जुनासाठी राखून ठेवतो. चौदाव्या दिवसाच्या त्या रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसेना तुडवू लागतो, सैन्य आक्रोश करतं, आणि कर्णाला ती घटोत्कचावर सोडावी लागते. घटोत्कच पडतो, पांडव शोक करतात, आणि कृष्ण आनंदाने अर्जुनाला मिठी मारतो. त्याचा हिशेब पूर्ण झालेला असतो. शत्रूचं एकमेव अस्त्र खर्ची पडावं म्हणून भीमाचा मुलगा पुढे केला गेला. कर्णाकडे ही शक्ती २७ गुणांतून हवी तेव्हा विकत घेता येण्यासारखी असती तर या रात्रीत सांगण्यासारखं काय उरलं असतं?

सूर्याने दिलेलं ते पात्रसुद्धा कितीही जणांना जेवू घालतं, पण द्रौपदीचं जेवण होईपर्यंतच. मग दुसऱ्या दिवसापर्यंत रिकामं. दुर्वास शिष्यांसह येतात ते नेमके तिच्या जेवणानंतर. कथा तिथे सुरू होते. अर्जुनाच्या भात्याचे बाण कधी सरत नाहीत, आणि म्हणूनच इतक्या लढाया होऊनही त्या भात्याविषयी काळजी वाटण्याचा प्रसंग येत नाही. तो येतो मौसलपर्वात. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जाताना वाटेत लुटारू पडतात, अस्त्रं आठवत नाहीत आणि बाण संपतात. व्यासांनी ते बाण संपवले तेव्हाच आपल्याला कळतं की एक युग संपलं.

एकदा हे दिसल्यावर मी इतर खेळांचे नियमही वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. जादूची किंमत कशात मोजायची, हा प्रश्न प्रत्येक रचनाकाराने स्वतःच्या पद्धतीने सोडवला आहे, आणि त्या किमतीवरून त्या खेळाला कशाची भीती वाटते ते कळतं. केन सेंट अँड्रे यांच्या १९७५ सालच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये मंत्र म्हणताना शरीराची ताकद खर्च होते, जादूगार अक्षरशः दमतो. १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये मंत्रांची किंमत पुष्कळदा मानसिक स्वास्थ्यात द्यावी लागते, तिथे ज्ञान हेच संकट. १९८७ सालच्या ‘आर्स मॅजिका’ने पाच क्रिया आणि दहा विषय यांच्या जोडणीतून मंत्र घडवायला दिले, आणि आयत्या वेळी रचलेली जादू माणसाला थकवते असं ठरवलं. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये जादूगार आपलं बळ, चपळता, सोशिकपणा जाळून मंत्राचा फासा वाढवू शकतो. माझा सध्याचा सर्वांत आवडता नियम मात्र केल्सी डिऑन यांच्या २०२३ सालच्या ‘शॅडोडार्क’मधला: मशाल एक तास जळते, आणि हा तास टेबलावरच्या खऱ्या घड्याळाचा. खेळाडू उगाच बोलत बसले तरी ज्योत कमी होतेच. मंत्रासाठी तिथे फासा टाकावा लागतो. जमला तर मंत्र हाताशी राहतो, फसला तर विश्रांती घेईपर्यंत गेला. व्हान्सचं विसरणं आणि आधुनिक खेळाडूची हौस यांचा इतका सुरेख मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

काही बाबतींत माझं मत बदललेलं नाही. नाण्यांच्या वजनाचा हिशेब त्या एका रात्री शोभला, पण दर आठवड्याला तो करणं मला नको आहे. बेन मिल्टन यांच्या ‘नेव्ह’मध्ये प्रत्येक वस्तूला पिशवीत एक जागा लागते, आणि मंत्राचा ग्रंथही एक जागा घेतो. दोरखंड की मंत्र, असा थेट प्रश्न पडतो आणि बेरीज मनात होते. मी आता ओझं असंच मोजतो. दरबारी कारस्थानांची मोहीम असेल तर शिधा मोजण्यात मला आजही अर्थ दिसत नाही. तिथे कमी पडतो तो विश्वास, आणि मोजायचा असेल तर तोच मोजावा. आणि पाचव्या आवृत्तीत मशालींचं नाटक करणं मी पूर्ण सोडलं आहे. त्यात लाइट हा मंत्र फुकट आणि हवा तितक्या वेळा, निम्म्या पात्रांना अंधारात दिसतं, आणि गुडबेरीच्या एका मंत्राने दहा फळं मिळतात, एका फळावर एक माणूस दिवस काढतो. दोन नियम ज्याला महत्त्वाचं म्हणतात त्याला तिसरा नियम फुकट करून टाकतो. तिथे मी वेळ हाच एक पैसा मानतो. लांबच्या प्रवासाच्या मोहिमांत गाइडमधलाच कठोर पर्याय लावतो: लहान विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. झोपून उठलं की सगळं परत मिळतं ही खात्री गेली, की घाटाच्या तोंडाशी भेटलेले चार दरोडेखोरही विचार करायला लावतात.

जुन्या मताचा एक भाग मला अजून प्रिय आहे, तो म्हणजे जादूने विस्मय वाटावा हा आग्रह. फक्त विस्मय बंधनं काढल्याने येतो असं मी समजत होतो. ले ग्विनचा गेड सामर्थ्य दाखवण्याच्या भरात जे घडवतो त्याचे व्रण पुढे चेहऱ्यावर वागवतो. तिथेही किंमत होती, ती कुठल्या तक्त्यात लिहिलेली नव्हती एवढंच. टेबलावर कादंबरीकार नसतो. तिथे ती किंमत नियमानेच सांगावी लागते, तीही आधी, सगळ्यांना दिसेल अशी.

सध्या मी अस्त्रांवर आधारलेली एक जादूची पद्धत लिहितो आहे. प्रत्येक अस्त्राला गुरू, ते मिळवण्याची अट, आणि एकदा सोडलं की त्या युद्धात पुन्हा नाही. एवढं नीट बसलं. अडलं आहे ते अश्वत्थाम्यापाशी. अर्जुन आणि तो, दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात; अर्जुनाला ते परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही, आणि मग तो ते उत्तरेच्या गर्भावर वळवतो. म्हणजे इथे अस्त्र सोडण्याला काहीच लागत नाही, आवरायलाच सगळं लागतं. आवरण्याची किंमत कशात घ्यायची? मी लिहिलंय की आवरणाऱ्याने आपलं दुसरं एक अस्त्र कायमचं सोडून द्यावं. आमच्या विझर्डचं म्हणणं असं की आवरण्याची विद्या अस्त्राबरोबर फुकट मिळताच कामा नये. ती वेगळी शिकावी लागावी, आणि तिच्या बदल्यात एक अस्त्र कमी मिळावं. मला तिचं म्हणणं जास्त बरोबर वाटू लागलं आहे. पुढच्या खेळात दोन्ही नियम लावून बघायचं ठरलं आहे.